हबशाहून आलेली मुलगी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. अक्षर जुन्या वळणाचे, कागद शाळेच्या वहीतून फाडलेला. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून ते आम्ही देत नाही. मजकूर थोडक्यात असा. मुलगा वीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी इंग्लंडला गेला आणि तिथलाच झाला. सून आपल्याच बिरादरीतली, पण जन्माने तिथली. थोरली नात दहा वर्षांची. मुलगी हुशार आहे, नमाज शिकली आहे, रमजानमध्ये हट्टाने रोजेही धरते. पण शाळेतून आली की हजार प्रश्न विचारते आणि बापाचे उत्तर पटले नाही तर तोंडावर तसे सांगते. आता मुलगा म्हणतो, "अम्मी, हिला मी तुझ्याकडे पाठवतो. इथे राहिली तर हातची जाईल. तिथे मदरशात घाल, कोकणात वाढू दे." सून रडते आहे. आणि दादीची अडचण अशी की नात फोनवर जे बोलते त्यातले निम्मे तिला कळत नाही.

"मी हो म्हणू की नको म्हणू?" असे त्या विचारतात. पुढे लिहितात, "आपल्या बुजुर्गांपैकी कोणावर अशी वेळ आली होती का, ते मासिकातून सांगा."

हा शेवटचा प्रश्न आम्हाला फार आवडला. फतवा हवा असेल तर तो आलिमांकडे मागावा. ते आमचे काम नाही. पण बुजुर्गांवर अशी वेळ आली होती का, याचे उत्तर आम्ही देऊ शकतो. आली होती. अगदी पहिल्या पिढीवर आली होती.

हिजरत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर मदीना येते. पण त्याच्या सात वर्षे आधी, इ.स. ६१५ च्या सुमारास, मक्केतला छळ असह्य झाला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या साथीदारांना समुद्रापलीकडच्या हबशा देशात, म्हणजे अबिसीनियात जायला सांगितले. जंजिऱ्याच्या सिद्दींना आपण ज्या मुलखामुळे हबशी म्हणतो तोच हा मुलूख. तिथला राजा नज्जाशी ख्रिस्ती होता, प्रजा ख्रिस्ती होती, दरबारात बिशप बसत. त्या राजाच्या राज्यात कोणावर जुलूम होत नाही, एवढीच त्याची शिफारस प्रेषितांनी (स.) केली होती. पहिल्या तुकडीत अकरा-बारा पुरुष आणि चार स्त्रिया होत्या. त्यांत हजरत उस्मान (रजि.) आणि प्रेषितकन्या हजरत रुकय्या (रजि.) होत्या. नंतरच्या तुकड्या धरल्या तर ऐंशीहून अधिक पुरुष आणि अठराच्या आसपास स्त्रिया तिथे पोहोचल्या. त्यांचे प्रमुख होते प्रेषितांचे (स.) चुलतभाऊ हजरत जाफर बिन अबू तालिब (रजि.).

कुरैशने त्यांना तिथेही स्वस्थ बसू दिले नाही. अम्र बिन आस आणि अब्दुल्लाह बिन अबी रबीआ हे दोन हुशार वकील त्यांनी धाडले. बरोबर मक्केच्या कमावलेल्या चामड्याच्या भेटी होत्या, कारण तो माल राजाला प्रिय होता. आधी एकेका बिशपची गाठ घेऊन भेट द्यायची, मग राजाकडे जायचे, आणि या लोकांचे म्हणणे ऐकून न घेताच त्यांना आमच्या ताब्यात द्या, असे सांगायचे, हा बेत. राजाने भेटी घेतल्या, पण ऐकल्याशिवाय कोणाला ताब्यात द्यायला नकार दिला. त्याने मुसलमानांना दरबारात बोलावले.

जाफर (रजि.) तिथे काय बोलले हे हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सांगून ठेवले आहे, त्या स्वतः त्या वेळी हबशातच होत्या. ते बोलणे आपल्याकडे भाषणांतून नेहमी सांगितले जाते, पण त्याचा क्रम फारसा कोणी पाहत नाही. जाफर (रजि.) यांनी सुरुवात आपल्याच दोषांपासून केली. आम्ही अडाणी होतो, मूर्ती पुजत होतो, मेलेले खात होतो, नाती तोडत होतो, शेजाऱ्याला त्रास देत होतो, आमच्यातला बळकट दुबळ्याला गिळत होता. मग आमच्यातलाच एक माणूस आला, ज्याचा सच्चेपणा आम्हाला ठाऊक होता. त्याने आम्हाला एका अल्लाहची भक्ती शिकवली. खरे बोला, ठेव परत करा, नाती जोडा, शेजाऱ्याशी नीट वागा, अनाथाचा माल खाऊ नका असे सांगितले. एवढ्यासाठी आमच्या लोकांनी आम्हाला छळले, म्हणून इतर राजे सोडून आम्ही तुमच्याकडे आलो. राजाने विचारल्यावर त्यांनी कुरआनातला जो भाग वाचला तो सूरह मरयमचा आरंभ होता. संपूर्ण अवतरलेल्या भागातून त्यांनी नेमके ते निवडले जे ऐकणाऱ्याच्या हृदयाजवळचे होते. राजा रडला, बिशप रडले.

इथवरची गोष्ट सर्वांना माहीत असते. खरी कसोटी दुसऱ्या दिवशी होती. अम्रने हार मानली नाही. त्याने राजाला सांगितले की हे लोक मरियमपुत्र येशूविषयी, हजरत ईसा (अलै.) यांच्याविषयी, फार भयंकर बोलतात. पुन्हा बोलावणे आले. उम्मे सलमा (रजि.) सांगतात की त्यांच्यावर त्याआधी अशी वेळ कधी आली नव्हती. सगळे एकत्र बसले, एकमेकांना विचारू लागले की आता काय सांगायचे? बायका-मुले बरोबर, मागे समुद्र, पलीकडे कुरैश. एखादे गोलमोल उत्तर देता आले असते आणि आजचा सल्लागार तेच सुचवील. ठरले असे की अल्लाहने आणि त्याच्या प्रेषिताने जे सांगितले तेच सांगायचे, मग जे व्हायचे ते होवो. जाफर (रजि.) यांनी सांगितले की ईसा (अलै.) अल्लाहचे दास आहेत, त्याचे प्रेषित आहेत, पवित्र कुमारी मरियमला दिलेला त्याचा शब्द आहेत. बिशप नाक फेंदारून गुरगुरले. राजाने जमिनीवरची काडी उचलली आणि म्हणाला की याच्या म्हणण्यात आणि खऱ्यात या काडीएवढाही फरक नाही. कुरैशच्या भेटी परत गेल्या.

पहिल्या दिवशी जाफर (रजि.) यांनी वादाचा मुद्दा ओढून आणला नाही आणि दुसऱ्या दिवशी तो समोर आला तेव्हा टाळलाही नाही. पश्चिमेकडच्या आपल्या मुलांमध्ये आम्हाला दोन तऱ्हा दिसतात. एक, ऑफिसात कोणी विचारले तर नाव अर्धेच सांगणारी. दुसरी, कोणी न विचारता भांडण काढणारी. दोन्ही तऱ्हांनी आपली बाजू हबशाच्या दरबारात कशी मांडली असती, याचा विचार मनात आला की हसू येते आणि थोडी भीतीही वाटते.

त्यानंतरची एक घटना भाषणांत क्वचितच येते. नज्जाशीविरुद्ध एका प्रतिस्पर्ध्याने बंड केले. मुसलमान हवालदिल झाले, कारण हा राजा गेला तर येणारा आपल्याला ओळखेल की नाही कोण जाणे. नाईलच्या पलीकडे लढाई होणार होती. खबर कोण आणणार? हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) त्यांच्यात वयाने सर्वांत लहान होते. ते म्हणाले, मी जातो. सगळ्यांनी मिळून एक पखाल फुगवली, ती छातीखाली धरून ते पोहत पलीकडे गेले. इकडे बाकीचे लोक नज्जाशीच्या विजयासाठी अल्लाहकडे दुआ करत बसले. एका ख्रिस्ती राजासाठी! जुबैर (रजि.) परत येताना लांबूनच कापड हलवत आले, राजा जिंकला होता. त्या दिवसाइतका आनंद आम्हाला कधी झाला नव्हता, अशा अर्थाचे उम्मे सलमा (रजि.) यांचे बोल आहेत. ज्या देशात आपण राहतो त्याच्या बऱ्यावाईटाशी आपल्याला काय, असे म्हणणाऱ्यांनी ती पखाल आठवावी.

आता काळाचा हिशेब पाहा. मदीनेत इ.स. ६२२ मध्ये मुसलमानांचे स्वतःचे शहर उभे राहिले. काही जण मक्केतले लोक ईमान घेऊन आले या अफवेने फार पूर्वीच परतले होते, काही जण हळूहळू मदीनेला पोहोचले. पण जाफर (रजि.) आणि त्यांच्याबरोबरचे लोक हबशातच राहिले, आणखी सहा वर्षे. ते परतले हिजरी ७ मध्ये, खैबरच्या मोहिमेच्या वेळी, इ.स. ६२८ मध्ये. म्हणजे एकूण तेरा वर्षे. इस्लामी समाज उभा राहिल्यावरही एक मोठी तुकडी बिगर मुस्लिम देशात राहत होती आणि प्रेषितांनी (स.) त्यांना त्याबद्दल दोष दिला नाही. उलट जाफर (रजि.) समोर आले तेव्हा त्यांना कवटाळून, खैबर जिंकल्याचा आनंद मोठा की जाफर आल्याचा हे सांगता येत नाही, असे ते म्हणाले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जाफर (रजि.) जीव आणि ईमान वाचवायला गेले होते. आपली मुले पौंड आणि डॉलर मिळवायला गेली. रोजी शोधणे गुन्हा नाही, पण सहाबांच्या हिजरतीचा मान त्यावर चढवायचा मोह टाळलेला बरा. तुलना हेतूची नाही, परिस्थितीची आहे.

परतलेल्यांना टोमणे मिळाले नाहीत असेही नाही. जाफर (रजि.) यांच्या पत्नी हजरत अस्मा बिन्ते उमैस (रजि.) हजरत हफ्सा (रजि.) यांच्या घरी बसल्या होत्या. हजरत उमर (रजि.) आले, विचारले, या कोण? मग म्हणाले, ती हबशावाली, समुद्रावरून आलेली? आम्ही हिजरतीत तुमच्या पुढे आहोत, प्रेषितांवर (स.) आमचा हक्क तुमच्याहून जास्त आहे. अस्मा (रजि.) संतापल्या. तुम्ही प्रेषितांच्या (स.) सावलीत होतात, ते तुमच्या भुकेल्याला जेवू घालत होते, अडाण्याला शिकवत होते, आम्ही मात्र दूर परक्या मुलखात होतो, असे त्यांनी सुनावले. प्रेषितांना (स.) सांगितल्याशिवाय अन्नपाणी घेणार नाही अशी शपथ घेतली आणि सांगितलेही. प्रेषितांनी (स.) निवाडा दिला की त्यांची एक हिजरत, आणि तुम्हा जहाजवाल्यांच्या दोन. बुखारी शरीफमध्ये ही हदीस आहे. जहाजातून आलेले लोक नंतर टोळ्याटोळ्यांनी अस्मांकडे (रजि.) येत आणि ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावत. परदेशातून गावी आलेल्या सुनेला पहिल्याच दिवशी "तुम्ही काय, तिकडचे" असे म्हणणाऱ्या आपल्या आत्या-मावशींना आम्ही ही हदीस वाचून दाखवावी म्हणतो.

अस्मा (रजि.) हबशाहून रिकाम्या हाती आल्या नाहीत. चरित्रग्रंथांत येते की हजरत फातिमा (रजि.) यांना आपल्या जनाजाची काळजी होती, कारण स्त्रीच्या देहावर नुसते कापड टाकले की आकार दिसतो. अस्मांनी (रजि.) हबशात पाहिलेली रीत सांगितली. ओल्या खजुरीच्या फांद्या वाकवून वर कमान करायची आणि त्यावर कापड घालायचे. फातिमा (रजि.) यांना ते फार आवडले. ख्रिस्ती मुलखात पाहिलेली एक लाजेची, अदबीची रीत अशी प्रेषितकन्येच्या जनाजाला लागली.

हबशात सगळे चांगलेच घडले असे मात्र नाही. इब्न इसहाक यांच्या चरित्रग्रंथात आहे की उबैदुल्लाह बिन जहश तिथे ख्रिस्ती झाले आणि तिथेच वारले. ते प्रेषितांचे (स.) आतेभाऊ. त्यांच्या पत्नी हजरत उम्मे हबीबा (रजि.) या कुरैशचे पुढारी अबू सुफियान यांच्या कन्या. बाप मक्केत शत्रूंचा म्होरक्या, नवरा दुसऱ्या धर्मात गेलेला, कडेवर मुलगी. त्या डगमगल्या नाहीत. पुढे प्रेषितांनी (स.) त्यांना मागणी घातली आणि नज्जाशीने स्वतः चारशे दिनार महर देऊन तो निकाह लावला. सांगायचे कारण असे की "चांगल्या वातावरणात ठेवले की मूल हमखास सुरक्षित" ही हमी त्या पहिल्या पिढीलाही मिळाली नव्हती. सहाबांच्या संगतीत राहून एक गेला आणि सगळे आधार तुटूनही एक राहिली.

आता आमच्या वाचक भगिनीच्या मुलाविषयी. लेकीला दूर पाठवायला निघालेला असा बाप इतिहासात आम्हाला आणखी एका ठिकाणी भेटतो, सिसिली बेटावर. सिसिलीवर दोनएकशे वर्षे मुसलमानांचे राज्य होते, मग नॉर्मन राजे आले. ग्रनाडाचे इब्न जुबैर हजहून परतत असताना डिसेंबर ११८४ मध्ये त्यांचे जहाज मसीनाजवळ फुटले. राजा दुसरा विल्यम तेव्हा तिथे होता. ज्या गरीब मुसलमानांजवळ किनाऱ्यावर नेणाऱ्या होड्यांचे भाडे नव्हते त्यांचे भाडे त्याने भरले. इब्न जुबैर यांनी पालेर्मोत मशिदी पाहिल्या, बाजार मुसलमानांच्या हातात पाहिले, काझी पाहिला. नाताळच्या दिवशी ख्रिस्ती बायका मुसलमान बायकांसारखा पोशाख करून, बुरखे घेऊन, मेंदी लावून चर्चला निघालेल्या पाहून ते थक्क झाले. वरवर सगळे आबाद.

पण त्रापानीला परतीच्या जहाजाची वाट पाहत ते काही आठवडे राहिले तेव्हा लोक मन मोकळे करू लागले. त्यांनी लिहून ठेवले आहे की तिथल्या मुसलमानांचे सर्वांत मोठे दुःख घरातले होते. बाप मुलावर रागावला, नवरा बायकोवर रागावला, आई मुलीवर रागावली, की रागावलेले माणूस सरळ चर्चमध्ये जाऊन बाप्तिस्मा घेई. मग आईबापांना त्याच्याकडे जाण्याची वाटच उरत नसे. म्हणून लोक घरात जीव मुठीत धरून वागत. अशाच एका प्रतिष्ठित माणसाने आपला मुलगा हाजींच्या तुकडीतल्या एकाकडे पाठवला. माझी लेक वयात आली आहे, तिला तुम्ही घेऊन जा, स्वतः निकाह करा किंवा आपल्या मुलखात चांगला माणूस पाहून लावून द्या, ती इथून सुटली म्हणजे झाले. मुलगीही तयार होती. बाप आणि भाऊ यांचा वियोग पत्करून ती अनोळखी माणसांबरोबर निघाली. इब्न जुबैर यांना त्या बापाचे नवल वाटले. आम्हाला वाचताना पोटात कालवले.

त्या बापाला आम्ही नावे ठेवत नाही. त्याच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. तिथला मुसलमान समाज राजवाड्याच्या मेहेरबानीवर जगत होता. विल्यमचे नोकर, स्वयंपाकी, कारभारी मुसलमान होते, पण शेजारच्या सामान्य ख्रिस्ती माणसाशी त्यांचे नाते फारसे उरले नव्हते. नोव्हेंबर ११८९ मध्ये विल्यम मेला आणि पालेर्मोत लगेच मुसलमानांवर हल्ले सुरू झाले. लोक डोंगरात पळाले. पुढे सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने उरलेल्यांना उचलून इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेरा गावात वसवले. तिथेही ते राजाचे धनुर्धारी म्हणून सुखात होते, राजाचा स्वार्थ होता तोवर. इ.स. १३०० मध्ये दुसऱ्या चार्ल्सने ते गाव मोडले आणि माणसे गुलाम म्हणून विकली.

आता फरक बघा. त्रापानीच्या बापाला कायद्याचा आधार नव्हता. इंग्लंडातल्या आमच्या भाच्याला (आम्ही त्याला भाचाच म्हणतो, त्याची आई आमची वाचक आहे) मत आहे, मशीद आहे, शाळेच्या पालकसभेत बसायला खुर्ची आहे. अन्याय तिथेही होतो. मशिदीच्या भिंतीवर घाण लिहिणारे आहेत, हिजाब ओढणारे आहेत, निवडणुकीत आपल्या नावावर मते मागणारे आणि आपल्याविरुद्ध मते मागणारे, दोन्ही आहेत. पण तो त्रापानीत नाही. तरी तो त्रापानीच्या बापासारखा वागतो आहे.

आणि एक. त्रापानीच्या घराघरांतून जे मूल चर्चकडे धावले ते ख्रिस्ती धर्माचा अभ्यास करून धावले नाही. ते बापाच्या रागापासून धावले. इब्न जुबैर यांच्या मजकुरातून आम्हाला तरी हेच दिसते. दहा वर्षांची मुलगी हजार प्रश्न विचारते याचा अर्थ ती अजून बापालाच विचारते आहे. ज्या दिवशी ती गप्प बसेल त्या दिवशी काळजी करावी.

भाषेचा मुद्दा राहिला. नातीला मराठी येत नाही, उर्दू तुटक, कोकणी तर नाहीच, याचे त्या भगिनींना फार वाटते. आम्हालाही वाटते. पण भाषा गेली म्हणजे दीन गेला, असे समीकरण बांधू नये. ग्रनाडा १४९२ मध्ये पडल्यावर आधी तहाने मिळालेले हक्क काढून घेतले गेले, मग सक्तीचा बाप्तिस्मा झाला, आणि १५६७ मध्ये अरबी भाषा, पोशाख, हमामसुद्धा बंद करण्याचा हुकूम निघाला. तेव्हा फ्रान्सिस्को नुन्येस मुलाय नावाच्या वृद्ध मोरिस्को गृहस्थांनी अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला की पोशाख हा मुलखाचा असतो, धर्माचा नव्हे. पूर्वेकडचे ख्रिस्ती अरबीच बोलतात, मग ते कमी ख्रिस्ती ठरतात का? अर्ज फेटाळला गेला. पण ज्यांची अरबी खरोखर हरवली होती त्या लोकांनी स्पॅनिश भाषा अरबी लिपीत लिहून काढली. दुआ, प्रेषितांच्या कथा, हलाल-हरामचे नियम, सगळे स्पॅनिशमध्ये. १८८४ मध्ये अल्मोनासिद दे ला सिएरा गावातल्या एका जुन्या घरात लपवून ठेवलेली अशी हस्तलिखिते सापडली. लपवणारे १६०९ ते १६१४ च्या हकालपट्टीत देशाबाहेर गेले असणार. दीन सांगायला परकी भाषा चालते का, असा प्रश्न मराठीतून दीन वाचणाऱ्या आपण तरी विचारू नये.

एक उदाहरण अगदी इंग्लंडातलेच. लिव्हरपूलचे वकील विल्यम क्विल्यम यांनी १८८७ मध्ये इस्लाम स्वीकारला, अब्दुल्लाह हे नाव घेतले आणि १८८९ पासून ब्रॉहॅम टेरेसमधल्या घरात मशीद चालवली. लोकांनी दगड मारले. त्यांनी अनाथांसाठी मदीना होम काढले, साप्ताहिक चालवले, नाताळच्या दिवशी शहरातल्या शेकडो गरिबांना जेवू घातले. संस्थेच्या खजिनदार एक स्त्री होत्या, फातिमा केट्स. पण सगळे एका माणसाभोवती फिरत होते. १९०८ मध्ये क्विल्यम शहर सोडून गेले आणि थोड्याच काळात सगळे विस्कटले. त्या वास्तूत जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदींचे सरकारी कार्यालय आले. मशीद तिथे पुन्हा सुरू व्हायला शतक लागले. तिकडे वर्गणी देणाऱ्या वाचकांनी आपल्या मशिदीच्या समितीत दुसरी फळी कोणाची आहे ते विचारावे. त्यात बायका आणि तिथेच वाढलेली पोरे आहेत का, तेही विचारावे.

पण आम्ही त्या भगिनीला पत्रातून जे लिहिले त्यात सिसिली आणि स्पेन थोडक्यातच होते. लिहिली ती हबशाच्या जहाजातल्या एका लहान मुलीची गोष्ट. हजरत खालिद बिन सईद (रजि.) यांची मुलगी अमा, म्हणजे उम्मे खालिद. तिचा जन्म हबशातला. मक्का तिने पाहिली नव्हती, मदीना पाहिली नव्हती. जहाजातून उतरली तेव्हा ती परदेशात वाढलेली पोर होती, आजच्या भाषेत "तिकडची". बुखारी शरीफमध्ये तिच्याच तोंडची हकीकत आहे. प्रेषितांकडे (स.) काही कपडे आले होते, त्यात नक्षीचे एक छोटे काळे वस्त्र होते. हे कोणाला द्यावे, असे त्यांनी विचारले. लोक गप्प राहिले. ते म्हणाले, उम्मे खालिदला आणा. तिला उचलून आणले गेले. त्यांनी स्वतःच्या हाताने तिला ते नेसवले, जुने होईपर्यंत वापर, फाटेपर्यंत वापर अशी दुआ दिली, आणि त्यावरच्या नक्षीकडे बोट करून म्हणाले, "सनाह, सनाह." सनाह हा अरबी शब्द नव्हे. तो हबशाच्या बोलीतला आहे. अर्थ छान, सुंदर. दुसऱ्या रिवायतीत तिचा कुर्ता पिवळा आहे आणि ती प्रेषितांच्या (स.) पाठीवरच्या प्रेषितत्वाच्या मोहरेशी खेळू लागते, बाप तिला दटावतो, आणि प्रेषित (स.) बापाला म्हणतात, राहू दे तिला.

प्रेषितांनी (स.) तिला अरबी येते का ते विचारले नाही. कुरआनातले किती पाठ आहे तेही विचारले नाही. तिच्या देशातला एक शब्द त्यांनी आधी उच्चारला. पुढे ही मुलगी हदीस सांगणारी बाई झाली आणि तिचा निकाह नाईल पोहून जाणाऱ्या त्याच जुबैर (रजि.) यांच्याशी झाला.

आम्ही त्या भगिनीला लिहिले की नातीला कायमची ठेवून घेऊ नका, आईपासून तोडू नका, पण सुट्टीत नक्की बोलवा. मुलाला म्हणावे, तिच्या प्रश्नांची उत्तरे येत नसतील तर "येत नाही, दोघे मिळून शोधू" असे म्हण. आणि तुम्ही तिच्या भाषेतले चार शब्द शिका. इंग्रजी अवघड वाटत असेल तर शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीला बसवून घ्या.

परवा त्यांचा फोन आला. नात आईबरोबर सहा आठवड्यांसाठी येते आहे. त्यांच्याकडे शाळेची मोठी सुट्टी जुलैच्या अखेरीस लागते, म्हणजे भर पावसात. घरात ओल, वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, पोर कंटाळेल की काय ही त्यांची नवी काळजी. मुलगा थोडा नाराज आहे, पण तिकिटे काढली आहेत. सुनेने व्हिडिओवर मुलीकडून चार ओळी म्हणवून घेतल्या, त्यात "दादी" एवढेच आपल्याला कळले, असे त्या हसत म्हणाल्या. मग विचारू लागल्या की ईदचा कुर्ता आत्ताच शिवून ठेवायचा आहे, दहा वर्षांच्या मुलीला माप काय धरावे. आम्ही म्हटले, ते सुनेला विचारा. त्या म्हणाल्या, विचारते. आणि रत्नागिरीच्या बाजारात पिवळा कपडा चांगला मिळतो, तोच बघते.